मोहाखालची माझी जागा

आपल्या ग्रुपवर आठवडाभर सगळ्यांच्या वाचायच्या जागांचे फोटो चाललेत. कोणाचा झोपाळा, कोणाची बाल्कनी, कोणाची खिडकी आणि शेजारी कॉफीचा मग... छान आहेत हो. तीन जणींनी मला टॅग केलं, ताई तुमची जागा दाखवा म्हणून. दाखवते. पण फोटो नाही, आणि गोष्ट काही गोड नाही.

माझं माहेर मूल या तालुक्याच्या गावापासून सायकलनं तासाभरावरच्या खेड्यात. ऐंशीच्या दशकात मी दहावीला होते. घरात पुस्तक उघडलं की आईला नेमकं काम आठवायचं. उंबरठ्यावर बसले तर "लक्षुमीच्या वाटेत काऊन बसली?" धानाच्या ढोलीमागं बसले तर अंधार, उंदीर आणि शेळ्या. एका शेळीनं माझ्या इतिहासाचं अर्धं प्रकरण खाल्लं... तेवढाच आमच्या घरात इतिहास कोणाच्या तरी पोटात गेला.

मग मी जागा शोधली. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं जुनं झाड होतं. बुंध्यापाशी दोन मुळं जमिनीवर आलेली, त्यांच्या मधे पाठ टेकून मस्त बसता यायचं. आणि बुंध्यात तळाशी एक पोकळी, तिच्यात माझी पिशवी बरोबर मावायची.

विज्ञानाची पुस्तकं, वर्षभराच्या वह्या, सगळं मी तिथंच ठेवायचे. कोणाला दिसू नये म्हणून वरून वाळका पाला कोंबायचे. शहाणीच मी!

आमच्याकडे मोहफुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळून टाकतात. जमीन साफ असली की फुलं वेचायला सोपी जातात. बाबा हे काम दरवर्षी होळीनंतर काढायचे, म्हणून मी निवांत होते. त्या वर्षी मोह लवकर फुलायला लागला... बाबांनी माझ्या मोठ्या भावाला पाठवलं. मी शाळेत होते.

संध्याकाळी नेहमीसारखी शाळेतून तशीच झाडाकडे गेले. खाली सगळी काळी जमीन आणि पोकळीत राख. आकृत्यांच्या वहीचं एक पान कडेनं जळून उरलं होतं, तेवढंच. मी तिथंच मातीत बसून भोकाड पसरलं.

बाबांनी भावाला तुतारीनं, म्हणजे बैल हाकायच्या काठीनं, झोडपलं. मधे कोण पडलं? मीच. "बाबा, त्याले काय मालूम, मीच लपवलं होतं ना!" अशी गयावया केली तेव्हा कुठं बाबांचा हात थांबला.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. ज्याच्या त्याच्या हातात आपापलं पुस्तक, मला कोण देणार? विज्ञानात नापास झाले. ऑक्टोबरला पुन्हा बसते म्हटलं, तर बाबा म्हणाले झालं तेवढं पुरे.

गावात येणाऱ्या नर्सबाईंनी मला सांगून ठेवलं होतं, दहावी काढ, तुझा नर्सिंगचा फॉर्म मी भरते. मी तर स्वतःला पांढऱ्या साडीत बघायला लागले होते... पुढच्या उन्हाळ्यात लग्न लागलं आणि अहेरीला गेले.

अहेरीला नवऱ्याच्या नोकरीच्या क्वार्टरमागच्या पायरीवर बसून मी मिळेल ते वाचलं. किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा सोडले नाहीत. वाचणं काही सुटलं नाही. पण आजही दवाखान्यात एखादी सिस्टर लगबगीनं जाताना दिसली की ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहते... खोटं कशाला बोलू?

तर रविवारी माहेरी गेले होते. भाऊ आता साठीच्या पुढं गेलाय, गुडघे कामातून गेलेत. ग्रुपवरचे फोटो त्याला दाखवले आणि म्हटलं, चल, माझी जागा बघून येऊ. काठी टेकत आला.

झाड आहे अजून. मी दोन मुळांच्या मधे जाऊन बसले, तो समोर उभा. काठीचं टोक त्या पोकळीत घालून म्हणाला, "सुमे... थैली मले दिसली होती."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मंग काऊन जाळली रे?"

"सातवीतून बाबानं मले काढलं, ढोरामागं धाडलं. परत जाईन म्हनून पुस्तकं जपून ठेवली होती म्या. तू सातवीत गेली त बाबानं तुले देऊन टाकली. अन् तू माह्या समोर बसून माहं नाव खोडलं. तुहं लिवलं. गिरवू गिरवू."

मला हे आठवतसुद्धा नाही! खोडलं असेल. हाती आलेल्या पुस्तकावर कोण स्वतःचं नाव घालत नाही? पण त्याला चाळीस वर्षं ते आठवत होतं... आणि चाळीस वर्षं मी, त्याला काय माहीत बिचाऱ्याला, असं सगळ्यांना सांगत फिरले. सासरी, माहेरी, स्वतःलाही. ते सगळे शब्द आता परत घ्यावेसे वाटतात.

"माफ केलं" असं लिहिलं तर तुम्ही बदाम टाकाल, माहीत आहे मला. नाही केलं. त्याच्यावर अन्याय झाला, कबूल. आमच्या घरात शाळेसाठी एकाचीच सोय होती, तीही मला मिळाली, तेही कबूल. पण ती राख माझ्या वह्यांची होती हो.

त्याचे गुडघे दुखत होते. "जरा बसू दे वं," म्हणाला. त्या दोन मुळांच्या मधे एकालाच जागा आहे... मी काही सरकले नाही.