आत माणूस आहे

म्हैसूरजवळ बेळगोळच्या औद्योगिक वसाहतीत गुरांचं खाद्य बनवणारा एक कारखाना आहे. पेंड, कोंडा आणि मळी ढवळायला तिथे एक मोठं लोखंडी पिंप आहे, आडवं, आत पाती असलेलं. मळी पात्यांना चिकटते आणि वाळून दगड होते. ती खरवडायला एक माणूस आत उतरतो. तो माणूस माझा मामा.

मामाच्या आधी हे काम करणारा आत असतानाच कोणीतरी बटण दाबलं. त्याचा हात गेला. त्याला बेट्टदपुराजवळच्या त्याच्या गावी पोचवलं, पिंप धुतलं आणि मामाला सांगितलं, उद्यापासून तू. कोणी पिंपात असेल तेव्हा बटणाला कुलूप लावा, एवढीच आमच्या कामगार संघटनेची मागणी. किती पत्रकांत छापली ती. पत्रकं लिहीतच मी मोठी झाले. मागणी कशी मांडायची हे मला कोणी शिकवायला नको. मॅनेजर म्हणाला, कुलपाने काम अडतं, किल्ली शोधत कोण बसणार? काही आधुनिक असेल तर आणा, बघू.

हात गेला तेव्हा त्यांना आधुनिक काही लागलं नव्हतं. पण ठीक आहे, म्हटलं, आणू.

आमच्या संघटनेत एक ताई आहेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनियर. नाशिककडून नोकरीसाठी आल्या आणि म्हैसूरच्या गोकुलममध्ये राहतात. खाली रस्त्यावर परदेशी पोरंपोरी योगाच्या चटया काखेत मारून चाललेली, आणि वर ताईंच्या जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा धूर. रविवारी मी आणि मामा तिथे जायचो. ताईंचं मराठी ऐकलं की मामा थोडा गप्प व्हायचा. आमचं मराठी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात शिवणकाम करत कन्नडात भिजलेलं.

"हा रेडारचा बोर्ड," ताईंनी नखाएवढ्या चौकोनावर बोट ठेवलं. "माणूस अगदी स्थिर बसला तरी श्वासाने छाती हलते, तेवढंही याला कळतं. पण हा फक्त बघतो आणि सांगतो. ऐकून घेणारा हा दुसरा, मायक्रोकंट्रोलर. आत कोणी आहे असं कळलं की हा मोटरची वीज तोडणार."

"आणि सांगतो कसा?"

"या तारांवरून. याची बोलायची तार त्याच्या ऐकायच्या पायाला, म्हणजे पिनला, आणि त्याची याच्या. एकामागून एक आकडे जातात, दोघांचा वेग एकच ठेवायचा. तिसरी तार जमिनीची, दोघांना सामाईक."

मामाने तारा उचलून बघितल्या. "माझा जीव एवढ्याशा तारांवर?"

"आत्ता कशावर आहे?" मी म्हटलं.

"बटणापाशी उभा असतो त्याच्या मूडवर. सुम्ने, उगाच विचारलं गं, चिडतेस काय."

पहिल्यांदा लॅपटॉपच्या पडद्यावर नुसता कचरा आला. दोघांचे वेग जुळत नव्हते. वेग जुळवला आणि आकडे ओळीने यायला लागले. मामा खुर्चीत डोळे मिटून बसला, आणि बोर्डावरचा लाल दिवा लागून राहिला. तो गॅलरीत गेला, दिवा हिरवा. परत आला, लाल. मामाने हे इतक्या वेळा केलं की ताईंनी शेवटी त्याच्या हातात चहाचा कप देऊन त्याला बसवला.

नुसत्या दिव्यावर संघटनेची समिती खूश नव्हती. दिवा कशाचाही असतो, लोक म्हणाले, वाचता आलं पाहिजे. बरोबरच होतं ते. म्हणून छोटा पडदा जोडला, त्यावर कन्नडमध्ये ओळ: ओळगे मनुष्य इद्दाने. आत माणूस आहे. छान चाललं. मग दाखवायला न्यायच्या आदल्या दिवशी बैठक झाली आणि आम्ही पत्रकवाल्यांनी त्या ओळीचं पत्रक केलं. यंत्राला हात लावू नका, हे आलं. सुरक्षित काम हा कामगाराचा हक्क आहे, हेही आलं. पिंप रिकामं असेल तेव्हा काय दिसावं, त्यासाठी वेगळा मजकूर. ठराव सगळ्यांच्या संमतीने झाला. ताईंनी घाईत तो सगळा मजकूर मायक्रोकंट्रोलरमध्ये भरला.

कारखान्यात मोटरची मुख्य वीज आधीच काढून ठेवली होती, तेवढी अक्कल आम्हाला होती. मॅनेजर, दोन सुपरवायझर, पाळीचे लोक उभे. पडद्यावर रिकाम्या पिंपाचा मजकूर, दिवा हिरवा. मामा आत उतरला. खरवडणीचा आवाज यायला लागला.

दिवा हिरवाच.

पडदा म्हणत होता, आत कोणी नाही. आतून मामाचा आवाज आला, "आलं का लाल?" एक सुपरवायझर म्हणाला, "तुमच्या रेडारच्या हिशेबी तर हा कामावर आलेलाच नाही. हजेरी कापू का?" लोक हसले. आमचेही हसले.

काय झालं ते ताईंनी नंतर सांगितलं. रेडार सेकंदाला कितीतरी वेळा सांगत होता, माणूस आहे, माणूस आहे. पण प्रत्येक वेळी मायक्रोकंट्रोलर आमचा अख्खा मजकूर पडद्याकडे पाठवत बसायचा. कन्नडचं एकेक अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा घेतं, आणि पडद्याची तार संथ. तो बोलण्यात गुंतलेला असताना रेडारचे आकडे येऊन सांडत होते. अर्धवट, तुटके. तुटकं आलं की तो टाकून द्यायचा आणि शेवटचं धड ऐकलेलं धरून बसायचा. ते होतं, आत कोणी नाही.

कन्नडमध्ये लिहिणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्याच्या भाषेतच यंत्राने बोललं पाहिजे. ताईंनी पुढच्या रविवारी ते दुरुस्तही केलं: स्थिती बदलली तरच ओळ पाठवायची, तीही छोटी, आणि क्षणभर रेडारची खबर धड आली नाही तर दिवा लाल आणि वीज बंद. तारा ओढून बघितल्या, बोर्ड उपटून बघितला. प्रत्येक वेळी लाल.

पण ते बघायला कोणी आलं नाही. मॅनेजरने सांगितलं, एकदा संधी दिली होती. आता कुलपाचा विषय काढला तरी तो म्हणतो, तुमचंच यंत्र म्हणालं आत कोणी नाही. आमचं यंत्र एकदा चुकलं, तेही वीज काढलेली असताना, आणि कायमचं बाद झालं. त्यांचं पिंप माणसाचा हात घेऊन रोज चालू आहे. त्याला कोणी दुसरी संधी मागायला लावली नाही.

मग अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांच्या शिलाईच्या दुकानात जाड लाल कापडाची एक पिशवी शिवली. बटणाच्या पेटीवर बसेल अशी, तोंडाला नाडी. मामा आत उतरण्याआधी ती चढवतो आणि गाठ स्वतः मारतो. रेडारपासून निघालो आणि नाडीवर येऊन थांबलो. नाडी कोणीही सोडू शकतं. मामाला ते माहीत आहे, म्हणून तो गाठ फार घट्ट मारतो.

रेडारचा डबा पडून राहायला नको म्हणून अप्पांनी तो दुकानातल्या कपडे घालून बघायच्या आडोशावर टांगला. कापडी पडद्यामागे कोणी असेल तर दिवा लाल. ब्लाऊज घालून बघणाऱ्या बायकांना फार सोयीचं झालंय.

गेल्या आठवड्यात मामा दुसरी पिशवी न्यायला आला. पहिली मळीने कडक झाली होती. पाळीला वेळ होता, म्हणून घामाचा शर्ट बदलायला तो आडोशात शिरला. दिवा लगेच लाल झाला.

आतून त्याने विचारलं, "दिसतोय का गं मी?"

"दिसतोय, मामा."

"मग बरं," तो म्हणाला. बाहेर आला, पिशवीची घडी खिशात घातली आणि बेळगोळच्या बसला गेला.