शमुवेल सरांचा होकार

स्टाफरूममध्ये बावीस वर्षं काढली की दोन गोष्टी साठतात. मुलांकडून जप्त केलेल्या वस्तू आणि किस्से. वस्तू पालकसभेला परत देऊन टाकता येतात. किस्से कोणी परत मागायला येत नाही, ते कपाटात नुसते वाढत राहतात, म्हणून म्हटलं आज थोडे बाहेर काढावेत.

आमची शाळा उज्जैनमधली, मिशनची. टावर चौकापासून चालत दहा मिनिटं. नाव सांगत नाही, मला अजून तिथूनच रिटायर व्हायचंय! मी गणित शिकवते. आमचं घराणं शिंद्यांच्या चाकरीत इकडे आलं आणि इथलंच झालं. एवढ्या देवळांच्या गावात जन्म काढला, पण धर्मशास्त्र म्हणून जे काही मला येतं ते मी चहाच्या सुट्टीत शिकले, आणि तेही ख्रिस्ती धर्मशास्त्र.

गुरुजी दोन. पहिले शमुवेल सर, फिजिक्सचे. त्यांचे आजोबा नगरकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले. सर प्रेस्बिटेरियन पंथाचे आणि आपल्या चर्चचे एल्डर, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. कोण तरणार आणि कोण नाही, हे देवाने जग निर्माण करायच्या आधीच ठरवून टाकलंय, माणसाच्या हातात काही नाही, असं त्यांचं मत. दुसरे मसीह सर, पीटीचे, मेथडिस्ट. देवाची कृपा सगळ्यांसाठी आहे, ती घ्यायची की नाकारायची हे ज्याचं त्याने ठरवायचं, असं त्यांचं मत. हा वाद पंधरा वर्षं चालला होता आणि त्यात कोणाचंही काहीही बिघडत नव्हतं.

मग गेल्या वर्षी शमुवेल सरांच्या एकुलत्या एक मुलीने, रूथने, मसीह सरांच्या पुतण्याशी, अमनशी, लग्न करायचं ठरवलं!

रूथ आमच्याच शाळेत प्रायमरीला कॉम्प्युटर शिकवते. वय सत्तावीस, कोणाची परवानगी लागायचं कारण नाही. पण तिने अट घातली. "पप्पा हो म्हणाले तरच. स्वतःच्या तोंडाने." आणि सर? ते नाही म्हणत नव्हते आणि हो पण म्हणत नव्हते. विचारलं की एकच उत्तर, "जे ठरलंय ते होईल."

मी एकदा भोळेपणाने म्हटलं, "सर, दोघंही ख्रिश्चनच आहेत की. फरक कसला?"

सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "दिघे मॅडम, तुमच्या माहेरी कोकणस्थ जावई यायला किती वर्षं लागली?"

मी वह्या तपासायला घेतल्या.

*

आमच्याकडे सकाळी अरेंजमेंटचं रजिस्टर फिरतं. जे टीचर आले नाहीत त्यांचे पीरियड कोणी घ्यायचे, ते त्यात लिहिलेलं असतं. एका सोमवारी शमुवेल सरांच्या नावावर सातवी ब चा शेवटचा पीरियड आला. सातवी ब म्हणजे काय चीज आहे ते आमच्या शाळेत चपराशालाही माहीत आहे. सर तडकले. रजिस्टर घेऊन तरातरा प्रिन्सिपलच्या केबिनकडे निघाले.

मसीह सर दारातच उभे होते. "अरे सर, काहे को लड़ रहे हो? ये पीरियड भी तो दुनिया बनने से पहले तय था!"

शमुवेल सर थांबले. गंभीरपणे म्हणाले, "भगवान ने तय किया होता तो चुपचाप ले लेता. ये वाइस प्रिन्सिपल ने तय किया है."

पीरियड बदलून घेतला आणि मगच परत आले.

*

मसीह सर काही कमी नाहीत. माणसाला चॉइस आहे, हे सांगताना त्यांचा आवाज ग्राउंडपर्यंत जातो. पण त्यांच्या घरी तिन्ही मुलं कॉमर्सला आहेत, कारण मसीह सरांनी तिघांचेही फॉर्म एकाच बैठकीत भरले.

पावसाळ्यानंतर शाळेतर्फे क्षिप्रेच्या घाटावर सफाई असते. त्याची नोटीस मसीह सर काढतात. मी ती बोर्डावर स्वतः वाचलीय: 'रविवार को घाट पर स्वेच्छा से श्रमदान. सबकी उपस्थिति अनिवार्य.'

मी विचारलं, "सर, स्वेच्छा भी और अनिवार्य भी?"

"मॅडम, इच्छा आपकी. बस, इच्छा होनी चाहिए!"

*

आता मूळ पाप. आदामाने फळ खाल्लं आणि त्याचा डाग तेव्हापासून जन्मलेल्या प्रत्येक माणसावर लागला, असा तो सिद्धांत. हा मला कुरियन मॅडमनी शिकवला. त्या केरळच्या, कॅथलिक, बायॉलॉजीच्या, त्यामुळे आनुवंशिकतेच्या धड्याला लागूनच शिकवला.

माझ्या पुतणीचं बारसं होतं, माधव नगरला आमच्या घरी. सगळा स्टाफ आला. कुरियन मॅडमनी बाळाला मांडीवर घेतलं, गाल कुरवाळले आणि प्रेमाने म्हणाल्या, "कितनी प्यारी है! बेचारी, पाप लेके आई है. हमारे में होती तो अभी बाप्तिस्मा दे देते."

माझ्या सासूबाई पेढे वाटत होत्या. त्या जागीच थांबल्या. "हिला अजून मान धरता येत नाही. पाप केलं कधी हिने?"

शमुवेल सर मदतीला धावले. "आजी, हिने नाही, आदामाने केलं. ते सगळ्यांच्या वाट्याला आलंय."

"आमच्यात नसतं हो असलं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात ज्याचं त्याचं मागच्या जन्मीचं असतं. परक्याचं उष्टं आम्ही घेत नाही."

सर हसले. "म्हणजे पोर तुमच्याकडेही पापीच निघाली की, आजी! फक्त आमच्याकडे दुसऱ्याच्या नावावर आहे, तुमच्याकडे तिच्याच."

सासूबाईंनी पेढ्यांचं ताट खाली ठेवलं. बाळाला कुरियन मॅडमच्या मांडीवरून उचललं, आत नेलं आणि आधीच्या तिटेवर आणखी एक तीट लावून आणलं. शमुवेल सरांना पेढा मात्र मिळाला नाही. हा वाद त्या हरल्या, हे आमच्या घरात आजही कोणी मोठ्याने म्हणत नाही.

*

रूथचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा सरांनी घाईघाईने दुसरी स्थळं काढली. पहिलं जबलपूरचं, दुसरं भोपाळचं, तिसरं पुन्हा जबलपूरचं. प्रत्येक वेळी सर घरी सांगायचे, "हा देवानेच निवडलेला दिसतो."

तिसऱ्या वेळी रूथ म्हणाली, "पप्पा, देव निवडतो तो मुलगा दर वेळी तुमच्याच मित्राचा कसा असतो?"

हे सरांनीच मला सांगितलं. रागाने सांगत होते, पण मधेच मला वाटलं की त्यांना थोडं कौतुकही वाटतंय. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "कौतुक कसलं? उद्धट आहे. आईवर गेलीय." रूथची आई जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा चहा गार झाला होता, मी पहिल्यांदाच टोमणा न मारता दुसरा मागवला.

*

उज्जैनमध्ये राहून पत्रिकेपासून लांब राहणं कोणालाच जमत नाही. आमचे संस्कृतचे जोशी सर पत्रिका जुळवतात. शमुवेल सरांनी या विषयावर त्यांना आयुष्यभर धारेवर धरलेलं. ग्रहांनी माणसाचं भविष्य ठरतं म्हणे, शुद्ध अंधश्रद्धा!

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी विसरलेला डबा घ्यायला परत आले, तर कोपऱ्यात दोघं डोकं जुळवून बसलेले. शमुवेल सरांनी कागदावर रूथची आणि अमनची जन्मवेळ लिहून आणली होती! मला बघून कागदावर हात ठेवला.

"मला विश्वास नाही यावर," सर म्हणाले. "फक्त बघत होतो. समजा यांच्या शास्त्राप्रमाणे मोडणार असेल, तर रूथला सांगायला बरं."

जोशी सरांनी बोटं मोजली. "छत्तीसपैकी एकतीस गुण जुळतात. माझ्या मुलीचे पण एवढे जुळले नव्हते. उत्तम योग आहे, सर!"

शमुवेल सर ताडकन उठले. "तुमचं शास्त्र खोटं आहे, हे मी पंधरा वर्षं सांगतोय!"

*

दिवाळीनंतर मी आणि रूथ टावर चौकात पोहे खात उभ्या होतो. मी म्हटलं, "अगं, कोर्टात जा आणि सह्या करून मोकळी हो. ते काय दार लावून घेणार नाहीत."

"तेच तर, मॅडम," ती म्हणाली. "ते दार लावणार नाहीत. येतील, खुर्चीवर बसतील, जेवतील. आणि मी जन्मभर विचार करत राहीन की पप्पांना हे हवं होतं का नको होतं. ते देवाच्या मागे जाऊन लपतात. मला त्यांना तिथून बाहेर काढायचंय."

मग तिने बेत सांगितला. त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं जाहीर करतात आणि कोणाची हरकत आहे का, ते विचारतात. सूचना वाचायचं काम एल्डरचं, म्हणजे शमुवेल सरांचंच! चर्चच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे पास्टरनी, हे लग्न चालेल का ते सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, जे ठरलंय ते होईल. तेव्हा पाळकसाहेबांनी सूचनेचा कागद त्यांच्याच हातात द्यायचं ठरवलं.

"तीन रविवार आहेत," रूथ म्हणाली. "तेवढ्यात पप्पा बोलले तर ठीक. नाही बोलले तर मी हे लग्न करणार नाही. अमनलाही सांगितलंय."

"आणि तो?"

"तो पोहे खायचा बंद झालाय."

*

पहिल्या रविवारी सरांनी मुलीचं नाव वाचलं, ते संडे स्कूलची सहल आणि कोणाची तरी हरवलेली छत्री यांच्या मधोमध. त्याच आवाजात. दुसऱ्या रविवारीही तसंच. स्टाफरूममध्ये कोणी काही विचारेना. मसीह सरांनी तर वाद घालणंच सोडून दिलं. पुतण्या घरी जेवत नव्हता, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मसीह सरांच्या हातात ठरवण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या रविवारी आम्ही सगळे गेलो. मी, जोशी सर, कुरियन मॅडम आपल्या कॅथलिक चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आटोपून. मसीह सर आणि अमन मागच्या बाकावर. रूथ एकटी पुढे, दुसऱ्या रांगेत.

उपासना हिंदीत असते. सर माइकसमोर उभे राहिले, चष्मा नाकावर सरकवला आणि वाचायला लागले. महिला सभा बुधवारी. आजारी लोकांसाठी प्रार्थना. मग, "कुमारी रूथ और श्री अमन मसीह के विवाह की यह तीसरी और अंतिम सूचना है. यदि किसी को आपत्ति हो तो अभी कहे."

दोन सेकंद थांबायचं असतं. सर थांबले. मग कागद उलटायला लागले.

"मेरी आपत्ति है," रूथ उभी राहिली.

अख्खं चर्च वळलं. पाळकसाहेबांच्या हातातलं पुस्तक खाली आलं. "बेटी, शादी तो तुम्हारी ही है!"

"जी. मुझे ही आपत्ति है." मग ती सरांकडे वळली आणि घरच्या मराठीत म्हणाली, "पप्पा, तुम्ही अजून हो म्हटलेलं नाही."

निम्म्या लोकांना कळलं नाही. बाकीच्यांनी त्यांना कुजबुजून सांगितलं. सरांनी घसा साफ केला. "रूथ, जे ठरलंय..."

"देवाने काय ठरवलंय ते मी देवाला विचारीन. तुम्हाला तुमचं विचारतेय."

सर माइकला धरून उभे होते. माइकची करकर सगळ्या चर्चला ऐकू येत होती. पाळकसाहेब काही बोलायला गेले, सरांनी हातानेच त्यांना थांबवलं. मागे अमन उभा राहिला होता, मसीह सरांनी त्याची बाही ओढून खाली बसवलं.

"हो," सर म्हणाले. फारच हळू म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"हो म्हटलं ना! मला पाहिजे हे लग्न. मला! बस आता खाली."

रूथ बसली नाही. रडत उभीच राहिली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो उलटलेला कागद परत सुलटा केला आणि तीच सूचना पहिल्यापासून वाचायला घेतली. या वेळी मराठीत, आणि कागदात अजिबात न बघता.

"माझी मुलगी रूथ आणि अमन यांचं लग्न ठरलं आहे. मी ठरवलं आहे. कोणाची हरकत असेल, तर त्याने मुकाट्याने बसून राहावं!"