टीव्हीबाहेरची मुलं

"सर, जरा इकडे तोंड करा. दिसत नाही तुम्ही."

फळ्याच्या वरच्या स्पीकरमधून आवाज आला. कॅमेराही तिथेच. त्याला तोंड दाखवायचं तर मुलांकडे पाठ करावी लागते. मी केली.

"पाहुणे आहेत घरी. इंग्रजीचा धडा वाचा जरा. मुलं नको, तुम्हीच वाचा."

मी वाचला. चौथीचा धडा. दोन ओळी नीट गेल्या, तिसरीत अडखळलो. वरून हसू आलं. एकाचं नाही, चारपाच जणांचं. त्यामागे ताटल्या-चमच्यांचा आवाज. आमची शनिवारची सकाळची शाळा, तिकडे अमेरिकेत शुक्रवारची रात्रीची जेवणं. जेवता जेवता ते आम्हाला बघत होते. आम्हाला ते कधीच दिसले नाहीत.

"चालेल, चालेल. प्रॅक्टिस करत जा."

"हो, भाऊ," मी म्हणालो. भिंतीला.

हा भाऊ म्हणजे आमच्या गावच्या धान्यदुकानदाराचा मुलगा. याच जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो. माझा बाप त्यांच्या दुकानात पोती उचलायचा. भाऊ अमेरिकेला गेला, मी डी.एड. करून मास्तर झालो. तिकडे गेलेल्या गावकऱ्यांचं त्याने मंडळ काढलं आणि गावची शाळा सुधारायला घेतली. गळकं छप्पर गेलं. मुलींसाठी संडास झाले. प्यायच्या पाण्याचं मशीन आलं, पुस्तकांचं कपाट आलं. घरी बसणाऱ्या मुली शाळेत यायला लागल्या. हे सगळं खरं आहे. म्हणूनच तोंड उघडत नव्हतं.

कॅमेरा या सगळ्यासोबत आला. विचारलं कोणी नाही. सरपंचांनी हार घातले आणि मिस्त्रीने भिंतीला भोक पाडलं.

एका शनिवारी आवाज म्हणाला, ती मागची मुलं कोण? अशी काय दिसतात? ती बेड्यावरची मुलं होती, गावाबाहेरच्या माळावर राहणाऱ्या पारधी कुटुंबांची. मी तसं सांगितलं. सोमवारी सरपंच शाळेत आले.

"भाऊ एवढं करून राह्यला गावासाठी. त्याले जरा चांगलं दिसू द्या नं, मास्तर."

कोणाला कुठे बसवा, हे ते बोलले नाहीत. ते मी केलं. दाराजवळचा एक कोपरा कॅमेऱ्यात येत नाही, हे मला माहीत होतं. तिथे बेड्यावरची मुलं बसवली. तो कोपरा फळ्याच्या भिंतीला लागून. तिथून फळा तिरका दिसतो, दिसला तर. मुलांनी आपसात नावंही पाडली. काही टीव्हीतले, काही टीव्हीबाहेरचे. मी ऐकत होतो.

काजल त्याच कोपऱ्यात बसायची. हुशार, जरा भांडखोर. तिने एकदा विचारलं, "सर, मी टीव्हीत काऊन नाई?"

मी म्हणालो, तिकडे ऊन येतं.

"मले नाई लागत ऊन," ती म्हणाली. मग पाटी घेऊन परत कोपऱ्यात गेली. माझ्याहून जास्त कळलं होतं तिला.

दिवाळीनंतर भाऊचा फोन आला. शाळा आदर्श करायची आहे, इतर गावांना दाखवायची आहे. बेड्यावरची मुलं आंजी गावच्या शाळेत पाठवून द्यायची. माळावरून आंजी किती लांब आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. ही मुलं तिथे पोचणार नाहीत, हेही माहीत होतं. शाळा सुटणार, एवढंच. शेवटी आवाज मऊ करून तो म्हणाला, "तू सांग त्यायले. तुझं ऐकतीन ते."

मी 'बघतो' म्हणालो. फोन ठेवल्यावर मग कळलं. मास्तर होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याच्या हिशेबी मी पोती उचलणाऱ्याचा पोरगा, त्यांच्यातलाच होतो. आणि त्यांना बाहेर काढायचं काम म्हणूनच माझ्याकडे.

पुढच्या शनिवारी वर्गात गेलो आणि कोपरा रिकामा केला. काजलला मधल्या ओळीत पहिल्या बाकावर बसवलं, बाकीच्यांना तिच्याजवळ. वर्ग चुळबुळला. एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, भाऊ रागावतीन." पोरांनाही भीती बसली होती. ती मीच बसवली होती.

वरून आवाज आला. "सर, हे काय?"

मी फळ्यावर लिहीत राहिलो.

"काय बोलणं झालं होतं आपलं?" मग 'सर' गेलं. "माजला का रे? तुहा बाप आमच्या दुकानात पोते उचले. विसरला का?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी मुलांकडे वळलो. पाठ कॅमेऱ्याकडे.

"नाही विसरलो. वर्ग चालू आहे, भाऊ. मधे बोलू नका."

त्यानंतर स्पीकर बोलला नाही. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा मात्र चालू आहे.

चार दिवसांत माणूस येऊन पाण्याचं मशीन दुरुस्तीला म्हणून काढून घेऊन गेला. टीव्हीतल्या मुलांचे आईबाप रस्त्यात बोलत नाहीत. टपरीवर कोणी म्हणालं, मास्तरले मस्ती आली. मग केंद्रप्रमुखांनी बोलावलं. 'तुम्ही पारध्यांची मुलं वेगळी बसवत होता, अशी तक्रार आहे,' म्हणाले. तक्रार सरपंचांची. केंद्रप्रमुख बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. मला फास दिसला. दोरी माझ्याच हातची.

उद्या ग्रामसभा आहे. मी नाकारणार नाही. बसवत होतो, म्हणून सांगणार. कोणाला खूश करायला, कोण बघत होतं, तेही सांगणार. बेड्यावर जाऊन सगळ्यांना सभेला यायला सांगून आलो आहे. काजलच्या आईने फक्त ऐकून घेतलं. माफ केलं, असं काही म्हणाली नाही. म्हणू नयेच.

बदली करा. निलंबित करा. पण तुमची पोरगी आम्हाला नको, हे त्या बाईला सांगायचं असेल तर भाऊने विमानात बसून यावं, माळ चालत जावा आणि तिच्या दारात उभं राहून स्वतः सांगावं. मी जाणार नाही.