रावजी मिस्त्रींचा रेडिएटर

हातखंब्याहून आत वळल्यावर रस्ता ज्या वाडीत संपतो, त्या वाडीत रावजी गोताडांना मिस्त्री म्हणतात. म्हणायला सुरुवात कोणी केली ते कोणाला आठवत नाही, पण ती रावजींनीच केली असावी असा त्यांच्या बायकोचा, मालनचा, दाट संशय आहे. रावजींची उमेदीची वर्षं भांडुपला एका पंपांच्या कारखान्यात गेली हे खरं. पण गेली ती स्टोअरच्या खिडकीत. कोणी मागेल तो सुटा भाग मागच्या फळीवरून काढून द्यायचा, एवढंच काम. त्यामुळे यंत्राचा एकेक अवयव त्यांना नावागावासकट ठाऊक होता. तो कुठे बसतो हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनी कोणाला विचारलं नाही. विचारणं हा प्रकार त्यांच्या पत्रिकेतच नव्हता.

गावी परतल्यावर त्यांनी वाडीची सेवा आरंभली. कोणाचा मिक्सर, कोणाचा विहिरीवरचा पंप, देवळातला पंखा. रावजींचा हात लागलेलं यंत्र पुन्हा कधी बिघडलं नाही, कारण ते पुन्हा कधी चाललंच नाही. तरी लोक येत राहिले. रत्नागिरीला नेण्याआणण्याच्या खटपटीपेक्षा घरच्या घरी गेलेलं बरं, असा त्यात विचार असावा. फक्त शेजारचा गंगाराम त्यांच्या हाती काही देत नसे. तो रोज संध्याकाळी पडवीत येऊन बसायचा, पान लावायचा, आणि रावजींच्या तोंडून एकदा तरी ‘मला येत नाही’ हे शब्द ऐकायची वाट बघायचा. बरीच वर्षं तो बघत होता. माणूस चिवट.

अशा या घरात रावजींच्या मुलाने, समर्थने, चार चाकांची फटफटी आणून उभी केली. समर्थ मुंबईला एका कुरियर कंपनीत होता. दापोलीकडच्या कोणा रिसॉर्टवाल्याने काढून टाकलेली ही एटीव्ही त्याने घेतली होती. वाडीच्या डोक्यावर मोठा सडा आहे, नुसता कातळ, आणि त्याच्या खोलगट भागात पावसाळाभर ढोपरभर तांबडा चिखल. हायवेवरचे पर्यटक थांबतील, चिखलातून गाडी उडवतील, आणि वर त्याचे पैसे देतील, असं समर्थचं म्हणणं. ऐकून वाडी थक्क झाली. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या चिखलात फुकट उभे होते.

“हा पावसाळा नीट गेला तर नोकरी सोडून घरीच येतो,” समर्थ म्हणाला. मालनने हे वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. वाडीतल्या निम्म्या घरांत मुलगा म्हणजे गणपतीला आणि शिमग्याला येणारा पाहुणा. आपला तरी तसा राहू नये, एवढं एकच मागणं ती देवीकडे घालत होती. रावजींच्याही मनात तेच होतं. पण ते बोलून दाखवायचं तर आपल्या घरात काही कमी आहे हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून ते गप्प राहिले.

निघताना समर्थने बापाला रेडिएटर दाखवला. पुढच्या चाकांच्या मधोमध, अगदी खाली, बारीक पत्र्याच्या पट्ट्यांची जाळी. यातून वारा जातो म्हणून इंजिन गार राहतं. चिखल बसला की वारा अडतो आणि इंजिन तापतं. “दर फेरीनंतर गाडी थोडी गार होऊ द्या, मग मागच्या अंगाने हलकं पाणी मारा, बाबा. चिखल आला त्याच वाटेने बाहेर गेला पाहिजे.”

“मला शिकवतोस?” रावजी म्हणाले. इथेच समर्थने रजा वाढवायला हवी होती.

पहिल्याच रविवारी चिखल भरला. रावजींनी मागून हलकं पाणी वगैरे बायकी उपाय बाजूला ठेवले आणि आंब्याच्या कलमांवर औषध मारायचा पंप आणून समोरून असा फवारा मारला की निम्मा चिखल आत जाऊन पक्का बसला आणि जाळीच्या पट्ट्या आडव्या झोपल्या. मग त्यांनी ओटीवर बसून शास्त्रीय विचार केला. चिखल चिकटतो. चिकटणारी दुसरी वस्तू कोणती? फणसाचा चीक. चिकावर उपाय काय? कोकणात जन्मलेल्या कोणालाही तो माहीत असतो. फणस फोडण्याआधी हाताला आणि कोयतीला खोबरेल चोळतात, म्हणजे चीक धरत नाही. रावजी उठले आणि भिंतीतल्या देवळीतली खोबरेलाची बाटली घेऊन बाहेर गेले.

“अवो, त्या गाडीच्या काय केसांना लावताव काय तेल?” मालनने विचारलं.

“तुला नाय कळायचं. यंत्राचं काम हाय.”

त्यांनी जाळीला पुढून-मागून, कानाकोपऱ्यात, बाळंतिणीला चोळावं तसं तेल चोळलं. गंगाराम पडवीतून बघत होता. शहाणा माणूस दुसऱ्याच्या चुकीत तोंड घालत नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याचं एक जोडपं सड्यावर गेलं. चिखल चिकटला नाही असं नाही. तो चिकटला, त्यावर गवताचा भुसा चिकटला, आणि इंजिनाच्या उष्णतेने त्या सगळ्याचा खरपूस थर बसला. अर्ध्या वाटेवर तळणीचा वास सुटला आणि पाठोपाठ वाफेचा फवारा. जोडपं चपला हातात घेऊन चिखल तुडवत परत आलं. “हा राइडचा भाग आहे का?” त्यातल्या बाईंनी विचारलं. रावजींनी हो म्हणून सांगितलं.

मालनने फोनवर कळवलं आणि शुक्रवारी रात्रीच्या गाडीने समर्थ आला. शनिवारचा सगळा दिवस त्याने बारीक कंगव्याने एकेक पट्टी सरळ केली, साबणाच्या पाण्याने तेलाचं कीट काढलं. मालनने त्याच्यासाठी घावणे केले, शेजारून मागून आणून भरलं पापलेट केलं, आणि तो खात असताना त्याच्यासमोर नुसती बसून राहिली. रविवारी तो परत गेला.

पुढच्या आठवड्यात रावजींनी जाळीवर मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून बांधलं. जिथून डास जात नाही तिथून चिखल कसा जाईल, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. चिखल गेला नाहीच. तो कापडावर सारवल्यासारखा बसला, आणि वाराही गेला नाही. इंजिन पुन्हा उकळलं, समर्थ पुन्हा आला, मालनने पुन्हा घावणे केले. आषाढ असाच गेला. वाडीतल्या कोणाचाही मुलगा त्या पावसाळ्यात इतक्या वेळा घरी आला नव्हता, आणि मालनचा चेहरा बघून बायका विचारत होत्या की सुनेचं वगैरे काही ठरलं की काय.

शेवटी श्रावणात समर्थ कंटाळला. त्याने रेडिएटर खालून काढला आणि लांब नळ्या जोडून वर, हँडलच्या पुढच्या कॅरियरवर बसवला. त्याच्यापुढे मोठ्या भोकांची तारेची जाळी लावली, हाताने उचलून झटकता येईल अशी. नळ्यांतली हवा काढली, पाणी भरलं. चिखल तिथवर पोचेचना. जो थोडा उडायचा तो मागून पाणी मारलं की निघून जायचा. हे पाणी मारायचं काम रावजी आता अगदी सांगितल्याप्रमाणे करू लागले होते, आणि ही मूळ कल्पना आपलीच असं पर्यटकांना सांगू लागले होते.

गाडी चालली. शनिवार-रविवारी सड्यावर रांग लागली. रोज संध्याकाळी समर्थचा फोन यायचा आणि रावजी पडवीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, “एकदम फस्क्लास. सगळं माझ्या हातात हाय. तू काय काळजी करू नको.”

समर्थने काळजी करणं सोडलं. यायचंही सोडलं. गणपतीला दीड दिवसासाठी येऊन गेला, आणि भाद्रपद संपता संपता एका सकाळी फोनवर म्हणाला, “बाबा, इथे मला सुपरवायझर करतायत. तुम्ही एवढं छान सांभाळताय, तर मी तिथे येऊन काय करू? एका गाडीला दोन माणसं कशाला? उद्या साहेबांना हो म्हणून सांगतो.”

“सांग की,” रावजी म्हणाले. “इथं काय अडत नाय.”

फोन ठेवून ते चुलीपाशी आले. मालन भाकरी थापत होती. तिने वर बघितलं नाही.

“तुमीच घालवलात त्याला,” ती म्हणाली. “गाडी मोडत होती तवा पोर घरात व्हता. आता रोज उठून सांगताव, मना सगळं येतं, मना सगळं येतं. येतं ना? मंग बसा आता त्या गाडीला घेऊन.”

रावजी अर्धी भाकरी खाऊन सड्यावर गेले. दिवसभर लोक येत होते, खिदळत होते, लाल होऊन परतत होते, आणि रावजी जाळी झटकत होते. त्यांना वाईट वाटत होतं. इतकं साधं वाईट, की त्याला कुठलं हत्यार लावावं ते सुचेना.

संध्याकाळी त्यांनी गाडी खाली आणली आणि पडवीपुढे अंगणात चालूच ठेवली, धुण्याआधी रेडिएटरच्या पंख्याने जरा गार होऊ दे म्हणून. गंगाराम नेहमीच्या जागी पान लावत होता. मालन दारात उभी होती. रावजी सीटवरून उतरलेच नाहीत. खिशातून फोन काढून त्यांनी स्वतः समर्थला लावला. ते स्वतःहून कधी लावत नसत.

“साहेबाला सांगितलंस काय?”

“उद्या सकाळी सांगतो. का हो बाबा?”

रावजींनी एकदा गंगारामकडे पाहिलं. चुन्याचं बोट पानावर तसंच थांबलं होतं. मग त्यांनी मान वळवली, घसा खाकरला, आणि पडवीभर ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाले, “सांगू नको. मना ह्यातलं काय येत नाय. कवाच येत नव्हतं. तू ये घरी.”

गंगाराम पान तोंडात घालायचं विसरला.

“बाबा,” समर्थ सावकाश म्हणाला, “मागे गाडीचा आवाज तर मस्त येतोय.”

रावजींनी हात लांब केला आणि चावी फिरवली.

“बंद पडली बग,” ते म्हणाले.