चार वाजताची रांग

सोमवारी अकरा वाजता आमच्या शाळेच्या सिस्टर वारल्या. रविवारी रात्री त्यांना नेलं होतं, त्या हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मुलं वर्गात होती. चार वाजता मुलांना घरी पोहोचवायला सिस्टरांऐवजी मी, शाळेतली दुसरी शिक्षिका, निघाले.

आमची शाळा चाकणला, कांदा मार्केटच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. मुलं कंपन्यांत कामाला आलेल्या लोकांची. सिस्टर ज्या नन्सच्या संघातल्या, तो ज्या संताच्या वाटेने चालतो, त्याने चारशे वर्षांपूर्वी रोममध्ये गरिबांच्या मुलांसाठी फुकट शाळा काढली होती. तो स्वतः वर्ग झाडायचा. शाळा सुटल्यावर मुलांना रांगेने घरी सोडायची रीत त्याचीच. म्हातारपणी त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा संघ मोडला गेला. हे ऐकून मी एकदा सिस्टरांना विचारलं होतं, "मग त्याने काय केलं?"

"काय करणार? दुसऱ्या दिवशीही शाळा होतीच की," त्या म्हणाल्या होत्या.

रस्ता ओलांडताना सिस्टर कंपनीच्या बससमोर हात आडवा धरून उभ्या राहत. रात्रपाळी करून आलेला बाप आत झोपलेला असेल, तर दार वाजवायचं नाही, हा वस्तीचा नियम त्याही पाळत. पण घरातलं कुणी दिसेपर्यंत मुलाचा हात सोडत नसत, मग कितीही वेळ लागो.

त्या दिवशी मला घाई होती. सिस्टरांना चर्चमध्ये आणायची वेळ झाली होती. शेवटी एक मुलगी उरली, सहा वर्षांची. तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. वडील तिसऱ्या शिफ्टला असतात, हे मला माहीत होतं.

"हळूच जा हं, बाबा झोपलेत," मी म्हटलं. तिने मान हलवली. मी वळले.

सहा वाजता तिची आई चर्चच्या दारात आली. कंपनीचा कोट अंगावर तसाच होता.

"मॅडम, माझं लेकरू कुठंय?"

"घरी सोडलं की."

"कोणत्या घरी? आम्ही सकाळीच खोली बदलली. शनिवारी सिस्टरांना सांगितलं होतं."

आम्ही धावलो. जुन्या खोलीत कुणी नव्हतं. शेजारणीला काही माहीत नव्हतं. पुढे हायवे, कंटेनर एकामागून एक. प्रत्येक चाकाखाली मला तिचा निळा फ्रॉक दिसत होता. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या चाचांनी हाक मारली.

मुलगी टायरवर बसून बिस्किट खात होती.

"ओ मॅडम, ही तुमचीच ना? तासाभरापासून माझ्या गिऱ्हाइकांना रांगेत उभं करतीय," चाचा म्हणाले. "शाळा चालवता का पोलीस भरती?"

आई हसली नाही. तिने मुलीला कडेवर घेतलं.

"सिस्टर असत्या तर असं झालं नसतं."

"नसतं झालं," मी म्हटलं.

सिस्टरांनी कुणाचाच पत्ता लिहून ठेवलेला नव्हता. कोण कुठल्या खोलीत गेलं, ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं. ते मिळवायला मला दोन आठवडे वस्तीत दारोदार फिरावं लागलं.

आता मी दार वाजवते. झोपमोड झालेले बाप कुरकुरत बाहेर येतात. शाळेत आता विसातली एकोणीस मुलं आहेत. ती मुलगी येत नाही.