शेवंतीमावशीचा खडू

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत शेवंती सावंत सव्वीस वर्षं आरोग्य स्वयंसेविका होती. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे जाणून घ्यायची तिला भारी हौस, आणि नशिबानं कामही तेच मिळालं. दार वाजवायचं, आत माणसं किती, कोणाला ताप, कोणाचे दिवस भरलेत, सगळं विचारायचं आणि आकडे वर पाठवायचे. वरच्यांनाही आकडेच हवे असत. बाई, तुला काय वाटतं, असं सव्वीस वर्षांत कोणी एकदाही विचारलं नाही. याची तिला चीड होती आणि ती लपवतही नसे.

त्यामुळे भाची श्रुतिकानं मोबाइलवर पाठवलेल्या फॉर्मात 'तुमचं मत लिहा' असं वाचलं, तेव्हा मावशी हरखलीच.

श्रुतिकानं जुन्या पद्धतीचा एक गेम बनवला होता. आपण स्वतःच भुयारात उतरलोय असं समजून एकेक चौकोन पुढे जायचं. राक्षस, कंदील, आणि दारंच दारं. नकाशा नाही. वाट आपली आपण लक्षात ठेवायची, हीच त्यातली गंमत. पण खेळून पाहणाऱ्या बारा जणांपैकी अकरा जण दुसऱ्या मजल्यावर हरवले आणि कंटाळून बाहेर पडले. 'वाट लागली यार, नकाशा दे!' असंच सगळ्यांचं म्हणणं. शुक्रवारी गेम लोकांसाठी खुला करायचा होता. नकाशा दिला तर गंमत जाणार, नाही दिला तर माणसं जाणार. श्रुतिकाला जेवण गोड लागेना.

बारावी मावशी. श्रुतिकाच्या जुन्या लॅपटॉपवर चार दुपारी बसून तिनं मत कळवलं: 'दुसरा मजला. दारं २४. P १५, X ९.'

श्रुतिका हादरली. नऊ दारं बिघडलेली! दोन दिवस तिनं दार न् दार तपासलं. सगळी ठणठणीत. बुधवारी ती तणतणत मावशीकडे आली.

"मावशी, कुठली नऊ दारं गं? एकही खराब नाहीये!"

"खराब म्हणून कोण बोललं?" मावशीनं वही पुढे टाकली. पानभर चौकोन आखलेले, प्रत्येक दाराला खूण. "पोलिओचा डोस दिला की आम्ही दारावर खडूनं P लिहायचो. घराला कुलूप असलं की X. म्हणजे परत यायचं. तुझ्या नऊ दारांच्या किल्ल्या अजून गावल्या नाहीत. नऊ घरं बाकी आसत, सोडून कशी जाऊ?"

"आणि हे सगळं तू वहीत लिहीत बसलीस?"

"मग काय करू? तुझ्या भुयारात राक्षस आसत, तलवारी आसत, साधा खडू नाय! दारावरच लिहिलं असतं ना."

श्रुतिका वहीकडे बघतच राहिली. मग तिनं मावशीला घट्ट मिठी मारली आणि चहाही न घेता घरी पळाली.

शुक्रवारी गेम आला तो खडूसकट. नकाशा नव्हताच. सोडून गेलेल्या अकरांपैकी नऊ जण तिसऱ्या मजल्यावर पोचले. रविवारी कोणा अनोळखी खेळाडूचं मत आलं: 'खडू झकास! कोणाच्या डोक्यातून निघालं हे?'

श्रुतिकानं ते वाचून दाखवलं. मावशीनं पुन्हा वाचायला लावलं. तिचे डोळे भरून आले होते.

"माझ्या, म्हणून लिही," ती म्हणाली. "आणि नाव पूर्ण लिही."