लुगड्याच्या पदरानं गाळलेलं दूध

फॅट मशीन सांगतं, पाणीही मशीन सांगतं. वास मात्र अजून माझ्या नाकालाच ओळखावा लागतो. कऱ्हाटीच्या दूध केंद्रावर कॅनचं झाकण उघडलं की मी आधी नाक खुपसते. आमचं दूध लोण्याला जातं. म्हशीनं कांद्याची पात खाल्लेली असो की धार काढणाऱ्याच्या हाताला डिझेल असो, सगळा वास स्निग्धांशात जाऊन बसतो, आणि लोणी म्हणजे दुसरं काय असतं? एका कॅनपायी अख्खा टँकर बाद होतो. म्हणून माझी जीभ जरा तिखटच आहे.

मळ्यातल्या एका आबांची बायको वारली. त्यांची एकच म्हैस, आणि ती बाईशिवाय कुणाला हात लावू देत नव्हती. धार निघाली नाही तर म्हैस आटणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मग एका सकाळी आबा कॅन घेऊन आले. मी झाकण काढलं, तर डांबर गोळ्यांचा भपकारा.

"आबा, दूध ट्रंकेत ठिवता का काय?" मी कॅन परत केला. दुसऱ्या दिवशी तेच. मी वैतागले. "अवो, गोळ्या टाकता तरी कुठं?"

ते खाली बघत म्हणाले, "ताई, म्हैस माझ्या हाताला पान्हा सोडत न्हाय. म्हणून हिचं लुगडं नेसून बसतो. ट्रंकेतलं हाय. दूधबी त्याच्याच पदरानं गाळतो, ती गाळायची तसं."

रांगेत कुणी हसलं नाही. बाई गेली की गड्यानं तिचं लुगडं नेसून धार काढायची, हे आमच्याकडे नवं नाही. पण दूध तर घेता येत नव्हतं.

"लुगडं गरम पाण्यात धुवा, आबा. आन् गाळायला दुसरं फडकं घ्या."

"धुतलं तर तिचा वास जाईल."

"म्हशीला कळंल म्हणता?"

आबांनी कॅन उचलला आणि ते मळ्याच्या वाटेला लागले.

पुढच्या खेपेला दूध निर्मळ होतं. "म्हशीनं सोडला का पान्हा?" मी विचारलं.

"सोडला की. तिला नुसता रंग पुरतो." मग ते कॅनवर वाकले आणि मी घेते तसा त्यांनी वास घेतला, बराच वेळ. "न्हाय येत आता. लुगडं उशाला घेतो, तवाबी न्हाय येत."

मी सांगितलं ते बरोबरच होतं, आजही तसंच सांगेन. तरी जीव थाऱ्यावर नाही. घरी भाकरीवर लोणी घेतलं की मला डांबर गोळीचा वास येतो. घरातल्या कुणालाच येत नाही, आमच्या घरात गोळ्या कधी आणल्याच नाहीत.

आबांचा कॅन आला की मी अजून जरा जास्तच वेळ वाकते. ते समोर थांबून राहतात.

"आला का, ताई?"

"न्हाय, आबा," मी म्हणते आणि पुढचा कॅन ओढते.